उरलंसुरलं अन्न आणि स्वस्त जिन्नस वापरून तिखटमिठाच्या पायचं सारण: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पाय (इंग्रजीतला pie) म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. तो पहिल्यांदा करणारे बहुतेक जण सगळी काळजी पारीवर खर्च करतात. लोणी किती गार हवं, मैदा किती मळायचा, कडेला मुरड कशी घालायची हे वाचून वाचून डोकं भणाणतं आणि सारण मात्र ‘फ्रिजमध्ये असेल ते भरू’ एवढ्यावर सुटतं. मग पाय कापला की तळाशी पाणी, वर पोकळी आणि मध्ये बेचव लगदा. पारी साधी असली तरी चालते, विकतची असली तरी चालते. सारण फसलं की पाय फसला.

पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आधी सांगते. उरलेल्या अन्नाचं सारण ओव्हनमध्ये शिजत नाही, ते तिथे फक्त गरम होतं. ओव्हनमधला पाऊण तास पारीसाठी असतो. पारीच्या आत वाफ कोंडलेली असते, त्यामुळे जास्तीचं पाणी आटायला तिथे वावच नसतो. कॉर्निश पेस्टीत, म्हणजे इंग्लंडमधल्या करंजीसारख्या दुमडलेल्या पायमध्ये, मांस, बटाटा आणि कांदा कच्चेच भरतात हे खरं, पण तो वेगळा प्रकार आहे: सगळं ताजं, बारीक चिरलेलं आणि बराच वेळ भाजलेलं. आपल्याकडे आधीच शिजलेलं अन्न आहे. ते पारीत जाण्यापूर्वीच दाट, चवीला पूर्ण आणि गार झालेलं असलं पाहिजे.

आधी जवळ काय हवं

२२-२३ सेंटिमीटर व्यासाच्या आणि साधारण तीन सेंटिमीटर खोल भांड्यात एक लिटरभर सारण मावतं, म्हणजे २५० मिलिलिटरचे चार कप. या लेखातली बहुतेक मापं त्याच हिशेबाने आहेत.

- पसरट, जाड बुडाची कढई किंवा पॅन. उभ्या पातेल्यात पाणी लवकर आटत नाही.
- मोठी चाळणी आणि स्वच्छ सुती फडकं
- सारण गार करायला पसरट ताट किंवा ट्रे
- पायचं भांडं, शक्यतो पातळ पत्र्याचं. काचेचं आणि चिनी मातीचं भांडं हळू तापतं, त्यामुळे तळ पांढरा आणि ओला राहण्याचा धोका वाढतो.
- ओव्हनमध्ये भांड्याखाली ठेवायला एक जड ट्रे
- वजनकाटा. पारीला आणि सॉसला त्याचा फार आधार होतो.
- मैदा, लोणी किंवा तेल, दूध, एक-दोन अंडी, कांदे, लसूण, मिरी, मोहरीची पेस्ट, व्हिनेगर किंवा लिंबू, ब्रेडचा चुरा किंवा रवा

स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

१. फ्रिज उघडा, पण सगळं बाहेर काढू नका

पाय म्हणजे फ्रिज रिकामा करायचं साधन नव्हे. सहा डब्यांतले सहा पदार्थ एकत्र केले की त्यातल्या एकाचीही चव उरत नाही. एक मुख्य पदार्थ निवडा, त्याला जोडीला दोन-तीन गोष्टी, आणि बाकीचे डबे पुन्हा आत ठेवा.

चांगले चालणारे पदार्थ: भाजलेली किंवा उकडलेली कोंबडी, शिजलेला खिमा, उकडलेले किंवा कुस्करलेले बटाटे, भाजलेली गाजरं-भोपळा, शिजलेला अख्खा मसूर, काबुली चणे, राजमा, मटार, कोबी, फ्लॉवर, चीजचे सुकत आलेले तुकडे, उकडलेली अंडी. न चालणारे: काकडी आणि सॅलडची पानं, कारण ती गरम झाल्यावर पाणी सोडून गळून जातात. तळून कुरकुरीत केलेलं काहीही, कारण वाफेत ते चामट होतं. तयार सॉसमध्ये बुडलेलं पातळ काही असेल तर ते आधी आटवावं लागेल.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं असावं आणि फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं. दोन दिवसांत वापरता आलं तर उत्तम. तीन-चार दिवस ही शेवटची हद्द समजा. भाताला याहून कडक नियम आहे: शिजल्यापासून तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाकलेला आणि २४ तासांच्या आतला भातच घ्या. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही.

वास घेऊन ठरवण्याची सवय इथे उपयोगाची नाही. आजारी पाडणारे जिवाणू अन्नाचा वास बदलतीलच असं नसतं. कधी शिजवलं होतं हे आठवत नसेल, तर तो डबा वापरू नका. यापुढे डब्यावर तारखेची चिठ्ठी लावायची सवय करा. दहा सेकंदांचं काम आहे आणि पुढच्या वेळी निवड करताना त्याचा खरा उपयोग कळतो.

२. सारणाची रचना ठरवा

मांडणी कागदावर केलीत तरी हरकत नाही. सारणाला एक मुख्य चव हवी, पोट भरणारं काहीतरी हवं, या दोन्हींना धरून ठेवणारं बंधन हवं आणि शेवटी जिभेला जाग आणणारं आंबट किंवा झणझणीत काहीतरी हवं.

मुख्य पदार्थ थोडा असला तरी चालतो, आणि पैसे वाचतात ते इथेच. दोन वाट्या कोंबडीचे तुकडे बटाटा, गाजर आणि मटार यांच्या सोबतीने सहा जणांना पुरतात. २५० ग्रॅम खिम्यात एक मोठी वाटी शिजलेला मसूर घातला तर खाणाऱ्याला खिमा कमी पडल्याचं जाणवत नाही, कारण मसुराचा दाणा खिम्याच्या दाण्याएवढाच असतो आणि तोही तोच रस शोषतो.

बंधनाकडे नवखे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. सुट्या भाज्या आणि सुटं मांस पारीत भरलं तर पाय कापताच सगळं ताटभर पसरतं. बंधनासाठी पांढरा सॉस (लोणी, मैदा आणि दुधाचा), स्टॉकचा (हाडं-भाज्या उकळून गाळलेल्या पाण्याचा) दाट रस्सा, कुस्करलेला बटाटा, वाटलेली डाळ, चीज किंवा अंडं यांपैकी एकच निवडा. चीज घातलेला पांढरा सॉस चालतो, तो एकच धरायचा. पण पांढऱ्या सॉसमध्ये कुस्करलेला बटाटाही घातला की खळ होते.

आकाराकडेही लक्ष द्या. सगळे तुकडे साधारण एक ते दीड सेंटिमीटरचे असावेत. मोठे तुकडे मध्ये पोकळ्या ठेवतात आणि सुरीखाली पारी फाडतात. अगदी बारीक चिरलं तर चावायला काही उरत नाही.

३. पाणी काढा

सगळ्यात जास्त पाय इथे बिघडतात, म्हणून या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे.

मशरूम, कोबी, टोमॅटो आणि पालक यांच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. कच्चे भरले तर ते पाणी पारीत उतरणार. प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे.

मशरूम: पॅन चांगला तापू द्या, मशरूम एका थरात पसरा आणि सुरुवातीला मीठ घालू नका. आधी ते पाणी सोडतील, मग ते पाणी आटेल, मग चरचर आवाज येईल आणि कडा तपकिरी होतील. त्यानंतर लोणी आणि मीठ. पॅनमध्ये गर्दी केली तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि रबरासारखे होतात, म्हणून दोन खेपा करा.

पालक आणि इतर पालेभाज्या: गरम पॅनमध्ये मऊ करा, गार झाल्यावर फडक्यात बांधून पिळा. एकदा पिळून झाल्यावर फडकं उलगडा, पालक मोकळा करा आणि परत पिळा. दुसऱ्या वेळी निघणारं पाणी पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. गोठवलेल्या पालकालाही हेच लागू.

कोबी: बारीक चिरून मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, पिळा, मग लोण्यावर झाकण न ठेवता परता. परतताना सोनेरी कडा येऊ द्या, कोबीचा उग्र वास त्यानेच जातो आणि गोडवा वर येतो.

टोमॅटो: बिया आणि त्यांच्याभोवतीचा गर काढून टाका, किंवा सरळ टोमॅटोची पेस्ट वापरा. दोन टेबलस्पून पेस्ट तेलात मिनिट-दोन मिनिटं परतली की तिचा कच्चा वास जातो आणि रंग गडद होतो.

कांदा: घाईने परतलेला कांदा पायमध्ये करकरीत आणि उग्र लागतो. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं द्या. कमी जिन्नसांत सर्वाधिक चव देणारी वस्तू हीच आहे, आणि तिला पैसे नव्हे, वेळ लागतो.

आधीच शिजलेल्या भाज्यांचंही पाणी सुटतं. फ्रिजमधून काढल्या की चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. डब्यातल्या डाळी, चणे, राजमा निथळून फडक्यावर पसरून कोरडे करा. राजमा कोरडा विकत घेऊन घरी शिजवत असाल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही.

४. सॉस बांधा

चार कप सारणासाठी सुमारे तीन कप घन पदार्थ आणि ४०० मिलिलिटर सॉस लागतो. सॉस तुकड्यांच्या मधल्या फटींत शिरतो, त्यामुळे बेरीज नेमकी जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

४० ग्रॅम लोणी वितळवा, ४० ग्रॅम मैदा घाला, म्हणजे साधारण पाच सपाट टेबलस्पून. मध्यम आचेवर दोन मिनिटं परता, कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे. आता ४०० मिलिलिटर दूध किंवा स्टॉक, किंवा दोन्ही निम्मे-निम्मे, थोडं थोडं घालत फेटा. पहिल्या दोन-तीन वेळा अगदी पळीभरच घाला आणि प्रत्येक वेळी गुळगुळीत होईपर्यंत थांबा, मग गुठळ्या होत नाहीत. सगळं घालून झाल्यावर एक उकळी येऊ द्या आणि पाच मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. उकळी आल्याशिवाय पीठ पूर्ण फुलत नाही आणि सॉस नंतर पातळ पडतो.

हा सॉस नुसत्या वाढायच्या सॉसपेक्षा बराच दाट होईल आणि तसाच हवा. तो गरम असतानाच तपासा. गार झाल्यावर प्रत्येक सॉस दाट दिसतो आणि ओव्हनमध्ये तापला की परत सैल होतो, त्यामुळे गार सॉसवरून अंदाज घेणं फसवं आहे. पॅनच्या तळावरून चमचा ओढा. मागे पडलेली रेघ तीन-चार सेकंद टिकली तर झालं. लगेच बुजली तर अजून आटवा.

मैदा चालत नसेल तर कॉर्नफ्लॉवर वापरा. २५० मिलिलिटर स्टॉकला दीड टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाला आणि उकळी आली की उतरवा. फार वेळ उकळत ठेवला किंवा जोरात घोटला तर तो परत पातळ होतो.

स्टॉक फुकट मिळतो. भाजलेल्या कोंबडीची हाडं, कांद्याची मुळं आणि सालं, गाजराची टोकं, तमालपत्र आणि मिरी पाण्यात घालून तास-दीड तास मंद उकळा, गाळा. कांद्याच्या पिवळ्या सालांनी छान सोनेरी रंग येतो. कोबी आणि फ्लॉवरचे देठ मात्र यात टाकू नका, पाणी उग्र होतं. गाळलेला स्टॉक आटवून निम्मा केला की मीठ न घालताही त्याला अंग येतं.

५. शिजलेलं मांस सर्वात शेवटी

उरलेली कोंबडी किंवा मांस सॉसबरोबर उकळू नका. ते एकदा शिजलेलं आहे. पुन्हा उकळलं तर त्याचे दोरे होतात. शिवाय उरलेलं अन्न पुन्हा एकदाच गरम करावं हा नियम पाळायचा असेल, तर ती एक वेळ ओव्हनसाठी राखून ठेवायला हवी. सॉस आणि भाज्या तयार करा, पूर्ण गार करा, आणि मग फ्रिजमधलं गार मांस त्यात मिसळा. कोंबडी मऊ राहते, सारण लवकर गार होतं आणि मनात शंका राहत नाही.

६. चव थोडी चढी ठेवा

पारी जवळजवळ अळणी असते आणि ती सारणाच्या चवीतला वाटा ओढून घेते. म्हणून नुसतं सारण चाखताना मीठ-मिरी किंचित जास्त वाटली पाहिजे. पण मीठ शेवटी. स्टॉक, चीज आणि उरलेलं मांस या तिन्हींत आधीच मीठ असतं. सॉस आटला की ते आणखी चढतं.

मीठ बरोबर आहे तरी चव सपाट वाटत असेल, तर कमी आहे ते आंबट. चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सगळं सारण उजळून टाकतो. दुधाच्या सॉसमध्ये लिंबाऐवजी एक-दोन चमचे मोहरीची पेस्ट घाला, फाटायची भीती नाही. दुधाच्या सॉसला थोडं जायफळ, कोंबडीला थाइम, मसुराला जिरं आणि लसूण, बटाट्याला भरपूर मिरी. एका पायला एक-दोन सुगंध पुरे.

७. गार करा

गरम सारण भरलं की पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं, पारी पिठूळ आणि तेलकट होते, तळ फाटतो. सारण ट्रेवर पसरा, अर्ध्या तासात कोमट होईल, मग फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या दिवशी करून ठेवलं तर आणखी बरं. चवी एकमेकांत मुरतात आणि दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं होतं.

गार झाल्यावर एक चमचा सारण बशीत ठेवून पाच मिनिटं पाहा. कडेने पाणी झिरपलं तर भरू नका. दोन-तीन चमचे ब्रेडचा चुरा मिसळा आणि परत पाहा.

८. ही सारणं करून पाहा

*कांदा, बटाटा आणि चीज.* सगळ्यात स्वस्त, आणि पहिल्या प्रयत्नासाठी मी हेच सुचवेन. ५०० ग्रॅम उकडलेले बटाटे, निम्मे कुस्करलेले आणि निम्मे फोडी केलेले. तीन मोठे कांदे मंद आचेवर मऊ सोनेरी केलेले. १५० ग्रॅम किसलेलं चीज, चवीला जोरकस असेल तर १०० ग्रॅमही पुरतं. एक चमचा मोहरीची पेस्ट, भरपूर मिरी. सॉस लागत नाही, पाणी सुटत नाही, चुकायला फार जागा नाही. हे सारण जरा कमी भरतं, म्हणून उथळ भांडं घ्या.

*कोंबडी आणि भाज्या.* दोन कप कोंबडीचे तुकडे, एक परतलेला कांदा, एक गाजर, अर्धा कप मटार, पांढरा सॉस निम्म्या स्टॉकचा आणि निम्म्या दुधाचा. गाजर आधी शिजवून घ्या, ते सॉसमध्ये नीट शिजत नाही. गोठवलेले मटार थेट गार सारणात घाला, रंग टिकतो. पण त्यांच्यावरचा बर्फ झटकून.

*मसूर आणि मशरूम.* दोन कप शिजलेला अख्खा मसूर, २०० ग्रॅम मशरूम, दोन कांदे, चार पाकळ्या लसूण, दोन टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, थाइम, शेवटी चमचाभर व्हिनेगर. मसुराचा तिसरा हिस्सा कुस्करा, तोच बांधतो. मांस न खाणाऱ्यांसाठी करायचा असेल तर याच्याइतकं भरगच्च सारण दुसरं नाही. मशरूम नीट तपकिरी केले असतील तर मांसाची उणीव भासत नाही. मूठभर अक्रोड भरडून घातले तर चावायला मजा येते.

*कोबी, अंडं आणि भात.* अर्धा किलो कोबी वर सांगितल्याप्रमाणे पिळून परतलेला, पाऊण कप भात, तीन उकडलेली अंडी बारीक चिरून, दोन टेबलस्पून वितळलेलं लोणी, शेपू किंवा पार्सली. भात इथे कोबीचं उरलंसुरलं पाणी शोषतो, त्यामुळे सॉस नको. लोण्यात काटकसर केलीत तर कोरडं लागतं.

*खिमा आणि मसूर, वर बटाटा.* पारीचा धीर होत नसेल तर सुरुवात इथून करा. खिमा-मसुराच्या दाट रश्श्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, काट्याने रेघा ओढून, २०० अंशांवर २५-३० मिनिटं. मटणाचा असेल तर त्याला शेफर्ड्स पाय म्हणतात. पारी नसल्यामुळे इथे रस्सा थोडा सैल चालतो. कडेने बटाटा भांड्याला नीट चिकटवा, नाहीतर रस्सा उसळून वर येतो.

*थोडं थोडं उरलेलं सगळं.* मूठभर ब्रोकोली, दोन चमचे चीज, एक भाजलेली सिमला मिरची असं काही उरलं असेल, तर झाकण नसलेला पाय करा. पारी आधी कोरी भाजून घ्या: त्यावर बेकिंगचा कागद, कागदावर कोरडे चणे, २०० अंशांवर पंधरा मिनिटं, मग कागद काढून आणखी सात-आठ मिनिटं. कोरड्या भाज्या पसरा आणि तीन अंडी ३०० मिलिलिटर दुधात फेटून ओता. १७० अंशांवर ३०-३५ मिनिटं. मध्यभाग किंचित हलत असतानाच बाहेर काढा, तो बाहेर सेट होतो. जास्त भाजलं तर अंडं फुटून पाणी सोडतं.

९. पारी, थोडक्यात

३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम गार लोणी, पाऊण चमचा मीठ, पाच-सहा टेबलस्पून बर्फाचं पाणी. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा, पाणी घालून फक्त गोळा होईल इतकंच एकत्र करा, मळू नका. मळलं की मैद्यातलं चिवट प्रथिन, ग्लुटेन, ताणलं जातं आणि पारी आक्रसून कडक होते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. दोन तृतीयांश तळाला, एक तृतीयांश झाकणाला. लाटी तीन मिलिमीटर जाडीची.

विकतची पफ पेस्ट्री फक्त झाकणाला वापरा. तळाला ती सारणाच्या वजनाखाली फुलत नाही आणि कच्ची राहते. खर्च कमी करायचा असेल तर तळ वगळून नुसतं झाकण लावलेला पायही पूर्ण समाधानाचा होतो.

१०. भरणं आणि भाजणं

ओव्हन २०० अंशांवर तापवताना जड ट्रे आतच ठेवा. तळाच्या पारीवर एक चमचा रवा किंवा ब्रेडचा चुरा भुरभुरवा. सारण मध्ये किंचित उंच भरा, कडेला बोटभर जागा सोडा. कडेला पाणी लावा, झाकण ठेवा, दाबून मुरड घाला. वर अंड्याचा हात फिरवा आणि मध्यावर दोन-तीन चिरा द्या. चिरा विसरलात तर वाफ कडेने वाट काढते आणि मुरड उसवते.

भांडं तापलेल्या ट्रेवर ठेवा: तळाला लगेच उष्णता मिळते आणि पारी ओली पडण्याआधी आवळते. वीस मिनिटं २०० अंश, मग १८० अंशांवर २५-३० मिनिटं. वरचा रंग पाहून फसू नका. चिरेतून वाफ जोरात यायला हवी, आतलं सारण बुडबुडायला हवं, आणि थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ अंश दिसायला हवेत. वर लवकर लाल झालं तर फॉइलने सैल झाका.

पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय कापू नका. उकळतं सारण सैल असतं, तेवढ्या वेळात ते बसतं.

११. पुढच्या दिवसांसाठी

उरलेल्या मांसाचा किंवा भाताचा पाय एकदा भाजला की तो एका बैठकीत संपवावा. म्हणून घरात माणसं कमी असतील तर एक मोठा पाय करण्यापेक्षा छोटे पाय करा आणि लागतील तेवढेच भाजा. बाकीचे कच्चे, अंडं न लावता, ट्रेवर सुटे गोठवा आणि कडक झाले की पिशवीत भरा. उणे १८ अंशांवर तीन महिने चव टिकते. मात्र हे फक्त फ्रिजमधून घेतलेल्या अन्नासाठी. मांस आधीच शिजवून गोठवलेलं आणि मग वितळवलेलं असेल, तर ते पुन्हा गोठवू नका. गोठवायचे पाय निवडताना उकडलेलं अंडं असलेले वगळा, पांढरा भाग रबरी होतो. बटाट्याच्या फोडीही रवाळ होतात, कुस्करलेला बटाटा चालतो. भाजताना वितळवायचं नाही: थेट फ्रीझरमधून तापलेल्या ट्रेवर, वर अंड्याचा हात, २०० अंशांवर वीस मिनिटं आणि मग १८० अंशांवर अर्धा तास. आत सुरी खुपसून दहा सेकंद ठेवा. बाहेर काढल्यावर पातं चटका देण्याइतकं गरम लागत नसेल, तर आणखी दहा मिनिटं द्या.